लढाईच्या इंजिनाची पाटी

मी समई चिंचेनं घासत होते, तेवढ्यात संग्रहालयातला माणूस आला. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईसाठी आणलेलं रेल्वेचं वाफेचं इंजिन त्यांनी दुरुस्त करून उभं केलंय. तो त्याची पितळी नंबरपाटी शोधत होता. इंजिन कामातून काढलं, तेव्हा फिटर असलेल्या माझ्या वडिलांनी, आबांनी, ती आसनगावच्या घरी आणली होती.

लहानपणी त्या दिवशीही चिंचेचा तोच आंबट वास होता. गावदेवीची घंटा ओतायला घरोघरचं पितळ गोळा होत होतं. आबा कामावर होते. मी हौसेनं पाटी चकचकीत घासली आणि देऊन टाकली. संध्याकाळी भिंतीवरचा पाटीचा रिकामा खिळा बघून ते एवढंच म्हणाले, "देवीला दिलीस ना गो? मंग काय नाय."

पुढे आबा देवळात गेले तरी त्या घंटेला हात लावत नसत. इतकी वर्षं मला वाटायचं, खांदा दुखत असेल.