मांडवाच्या खांबाशी उभी बाई

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत दिग्रसमधल्या माझ्या स्टुडिओत लोक लग्नाचा अल्बम नको म्हणायचे, नुसतं शूटिंग सांगायचे. बोरी अरबच्या एका लग्नात तसंच झालं. नवरीचे वडील जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते आणि त्या हंगामात जिनिंग धड चाललीच नव्हती.

पुढच्या वर्षी ती मुलगी दुकानात आली. आई आजारपणात गेली होती आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता.

"भाऊ, शूटिंगमधून मायचा फोटो काढता येते काय?"

काढता येतो, म्हणालो. तोवर मी असं काम कधी केलं नव्हतं.

कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. मुलगी शेजारी बसून आई दाखवत होती. आई सगळ्या लग्नभर लगबगीत. चित्र थांबवलं की चेहऱ्यावर कंगव्याच्या दात्यांसारख्या आडव्या रेषा उमटायच्या. कुठे डोळे मिटलेले, कुठे तोंड अर्धवट उघडं. शेवटी मांडवाच्या खांबाशी ती क्षणभर थांबलेली सापडली. चेहरा स्वच्छ होता. मुलगी म्हणाली, "हेच माही माय." मी प्रिंट काढून दिली.

आठवड्याभरात वडील तो फोटो घेऊन आले. मुलगीही सोबत होती.

"भाऊ, हे माही साळी हाये. बायको नोहे."

"बाबा, मी मायले ओळखत नाही काय?"

दोघी बहिणी सारख्याच दिसायच्या आणि लग्नात दोघींनी एकाच रंगाची लुगडी नेसली होती. मी क्लिप पुन्हा लावली. बाई खांबाकडे चालत येताना वडील हळूच म्हणाले, "हे तिचीच चाल." खांबाशी मी चित्र थांबवलं. ते वाकून पाहत राहिले. "आता नोहे." मुलगीही पडद्याकडे झुकली. मी इतक्या वेळा पाहिलेला तो चेहरा मलाही अनोळखी वाटायला लागला.

मग त्यांनी मावशीलाच आणलं. तिने फोटो हातात धरून पुष्कळ वेळ पाहिला.

"मीच असन," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "नाही तं माही बहीन असन. मी खांबापाशी उभी होती का नोयती, ध्यानात नाही."

शेवटी मुलीनं तो फोटो ठेवला. वडिलांनी चालतानाचा मागितला. तो पुसट येईल, रेषा दिसतील, असं मी सांगून पाहिलं. "येऊ द्या," म्हणाले. मी काढून दिला.

पुढे एकदा त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर दोन्ही फोटो होते, दोन्हींना ताजे हार. हार मावशीनंच ओवले होते म्हणे. ती समोर बसून मला चहा घ्या म्हणत होती. मी तिच्याकडे पाहत होतो, मग भिंतीकडे, आणि चहा निवला तरी मला काही ठरवता आलं नाही.