पंप आमना शे

नशिराबादच्या पार्वताबाईला उजव्या पायाची बोटं नाहीत. चपलेत पुढे कापड कोंबून ती चालते, थोडी लंगडत. कुणी विचारलं की काय झालं, तर एकच उत्तर देते : "हितेंद्रनं खाल्ली."

हितेंद्र म्हणजे जळगावच्या अलीकडे हायवेवर गॅरेज चालवणारा मेकॅनिक. पार्वताबाईचा नवरा भटू वर्षानुवर्षं त्याच्याकडेच गाडी लावायचा. भटूचा ट्रक जुना. दीपनगरच्या वीजकेंद्राची राख भरायची आणि जळगावकडच्या विटांच्या कारखान्यांत टाकायची, हा त्यांचा धंदा. क्लीनर कुणी टिकेना. मुलगा आकाश नोकरीला पुण्यात गेला, तशी पार्वताबाईच केबिनमध्ये बसायला लागली. मागे बघून हात दाखवणं, ताडपत्री बांधणं, चाकाला दगड लावणं, सगळं बठ्ठं तीच करायची.

दोन उन्हाळ्यांपूर्वी ट्रक अचानक बंद पडायला लागला. सकाळी ठणठणीत. ऊन चढलं आणि गाडी भरलेली असली की, चढावर तर हमखास, इंजिन गुदमरल्यासारखं करायचं आणि मरायचं. सावलीत तासभर उभी केली की पुन्हा सुरू. हितेंद्रने आधी डिझेल फिल्टर बदलला. मग टाकी उतरवून धुतली. मग रबरी पाइप नवे टाकले, कुठून तरी हवा ओढते म्हणाला. प्रत्येक वेळी गाडी दोन दिवस चालायची आणि तिसऱ्या दिवशी रस्त्यात उभी.

"म्हातारी झाली गाडी, भटूभाऊ," हितेंद्र हसायचा. "माणसाला ऊन लागतं, तसं तिला लागतं."

मे महिन्यात, भर दुपारी, पुलाच्या चढावर ट्रक बंद पडला. इंजिन मेलं तसा ब्रेकचा जोर गेला. हँडब्रेक धरेना. पार्वताबाई सवयीने दगड घेऊन उतरली, मागच्या चाकाकडे धावली. दगड लागला, पण थोडा तिरका. चाक त्यावरून घसरलं आणि तिच्या पायावर आलं. ट्रक थांबला तो तिथेच.

भटूला तिचा पाय काढायला कितीतरी माणसं गोळा करावी लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी बोटं काढली. हितेंद्र भेटायला आला होता, सफरचंदं घेऊन. "नशीब, वहिनी, पाय वाचला," म्हणाला. पार्वताबाईने त्याचे आभार मानले. या आभारांची आठवण आली की अजूनही तिचं तोंड कडू होतं.

पावसाळ्यात आणि थंडीत गाडीने एकदाही त्रास दिला नाही. होळी झाली, ऊन तापलं आणि ट्रक पुन्हा बंद पडायला लागला. या वेळी पार्वताबाई हट्टाने पुन्हा केबिनमध्ये बसली. भटू नको नको म्हणत होता.

"मले बघू द्या," ती म्हणाली. "पाय माझा गेला. कशापायी गेला ते तरी कळू द्या."

गाडी बंद पडली की ती पाण्याचा कॅन आणि गोणपाट घेऊन उतरायची. पहिल्या दिवशी ओलं गोणपाट टाकीकडून येणाऱ्या पाइपवर गुंडाळलं. काही नाही. पुढच्या वेळी फिल्टरवर. तरी काही नाही. मग टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपावर. भटू कंटाळून झाडाखाली जाऊन बसायचा. शेवटी एकदा तिने इंजिनच्या बाजूच्या मोठ्या डिझेल पंपावर गोणपाट ठेवलं, त्यावर बेताने पाणी सोडत राहिली आणि थोड्या वेळाने भटूला हाक मारली. भटूने सेल्फ मारला. इंजिन पहिल्याच झटक्यात धडधडलं.

भटू उतरून पंपापाशी आला.

"पंप तर आपण धुळ्याला नवा करून घेतला होता," भटू म्हणाला. "चुडामणनानांकडून."

चुडामणनाना धुळ्यात फक्त पंपाचं काम करतात. दुसऱ्या दिवशी पहाटेच, ऊन वर यायच्या आत, दोघांनी रिकामा ट्रक धुळ्याला नेला. नानांनी पंप उतरवला, रॉकेलने पुसला आणि उलटा करून उजेडात धरला.

"हा मी केलेला नव्हे," ते म्हणाले. "मी काम केलं की खालच्या अंगाला पंचने तीन ठिपके मारतो. इथं काहीच नाही. आणि हा आतून पार झिजलाय. थंडीत डिझेल घट्ट असतं, तेव्हा भागतं. गरम होऊन डिझेल पातळ झालं की आतल्या आत निसटतं. दाबच बनत नाही. मग गाडी मरणारच."

"म्हणजे बदलला कुणी," पार्वताबाई म्हणाली. ती विचारत नव्हती.

गाडी पहिल्यांदा बंद पडायला लागली, त्याच्या आदल्या हिवाळ्यात क्लचच्या कामाला ट्रक हितेंद्रच्या गॅरेजमध्ये होता. भटू तेव्हा लग्नाला साक्रीकडे गेला होता. आणखी कुणी त्या इंजिनला हात लावलेला नव्हता. तोच पंप परत बसवून दोघं निघाले. पारोळ्याजवळ पार्वताबाई एकदम म्हणाली, "त्याचा स्वतःचा ट्रक आपल्यासारखाच शे ना? केळी भरतो तो?"

"हो."

"पूर्वी दर उन्हाळ्यात तो रस्त्याला उभा दिसायचा. बॉनेट उघडं टाकून. मागच्या साली दिसला का कुठं? यंदा दिसला का?"

भटूने आठवून पाहिलं. दिसला नव्हता.

म्हणजे फिल्टर, टाकी, पाइप बदलताना हितेंद्रला दोष कुठे आहे हे ठाऊक होतं. सफरचंदं आणतानाही ठाऊक होतं. पार्वताबाईला चोरीपेक्षा हे जास्त लागलं. भटू पोलिसांत जाऊ म्हणाला.

"पोलीस पंप जप्त करतील आणि आपली गाडी उभीच राहील," ती म्हणाली. "मले तो पंप पाहिजे. आणि त्याच्याच हातानं पाहिजे."

असोद्याच्या सुनंदाबाईंच्या केळीच्या मळ्यात पार्वताबाईने तरुणपणी घड वाहिले होते. त्यांचा माल हितेंद्रच्याच ट्रकमधून जायचा. ती सुनंदाबाईंकडे गेली आणि पाय दाखवून सगळं सांगितलं.

"अक्का, तुमच्या मळ्यात त्याची गाडी यायची असेल, तर आदल्या दिवशी फक्त निरोप द्या."

सुनंदाबाईंनी पायाकडे पाहिलं. "देते," म्हणाल्या. "पण मारामारी नको करू बाई इथं."

"हात पण नाही लावणार त्याला."

निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी भटूचा ट्रक मळ्याच्या फाटकाशी आडवा लागला. चुडामणनानांना त्यांनी धुळ्याहून आणून ठेवलं होतं. मळ्यात आणखी गाड्या भरत होत्या. ड्रायव्हर होते, घड तोडणारे मजूर होते. हितेंद्रचा ट्रक गच्च भरला होता आणि तो निघायच्या तयारीत होता.

पार्वताबाई लंगडत त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. तिचं माहेर धुळ्याकडचं. राग आला की तिच्या तोंडी अहिराणीच येते.

"बॉनेट खोल. बठ्ठासमोर खोल. तो पंप आमना शे."

"तुमचा कसा?" म्हणत हितेंद्र हसला. मग चुडामणनानांना पाहिलं आणि हसू गेलं. त्याने आधी पंप भंगारातून घेतला म्हणून सांगितलं. मग म्हणाला, गॅरेजमधल्या पोरांनी अदलाबदल केली असेल. नानांनी बॉनेट उघडलं, पंपाच्या खालच्या अंगावरून बोट फिरवलं, काळं वंगण पुसलं आणि ड्रायव्हरांना बोलावून ठिपके दाखवले.  एकेक जण हितेंद्रपासून मागे सरकला. त्यातल्या अर्ध्यांच्या गाड्या त्याच्याच गॅरेजला लागत होत्या.

"वहिनी, मी नवा पंप बसवून देतो," तो हळू आवाजात म्हणाला. "उद्याच. इथं तमाशा नको."

"नवा नको. हाच. आत्ता. तुझ्या हातानं."

भर उन्हात हितेंद्र इंजिनात वाकला. दोन्ही ट्रकांचे पंप काढून एकमेकांच्या जागी बसवायचे, टायमिंग जुळवायचं, हवा काढायची. लोखंड तापलेलं. त्याचे हात पोळत होते, घाम डोळ्यांत जात होता. पार्वताबाई निंबाखाली खाटेवर बसून बघत होती. सुनंदाबाईंची सून मयुरी पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"आधी काम," पार्वताबाई म्हणाली आणि तांब्या स्वतःकडे घेतला.

भटू उठला. त्याने तिच्या हातातून तांब्या काढून हितेंद्रला दिला. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, की तो परत खाटेवर बसला नाही, ट्रकपाशीच उभा राहिला.

काम झालं. भटूचा ट्रक सुरू झाला. हितेंद्रच्या ट्रकमध्ये आता झिजलेला पंप होता आणि मागे केळी. सुनंदाबाईंनी माल उतरवून घ्या म्हटलं, पण उतरवायला मजूर थांबले नाहीत. नानांनी त्याला बजावलं, संध्याकाळपर्यंत थांब, ऊन उतरू दे. तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. तिथे सगळ्यांच्या नजरेसमोर थांबणं त्याला जमलं नाही.

"त्याच्या मागून घ्या," पार्वताबाई म्हणाली.

नशिराबाद ओलांडल्यावर तो दिसला. ट्रक कडेला, बॉनेट वर, सावली कुठेच नाही. वर केळी तापत होती. हितेंद्र रस्त्यावर येऊन हात करत होता. भटूचा पाय ब्रेकवर गेला.

"थांबू नका."

"अगं, कुणाला लागलं म्हणजे?"

"सपाट रस्ता शे. आणि गाडीत काय दोष शे, ते त्याले नानांनी सांगितलंय. आपल्याले त्यानं सांगितलं होतं का?"

भटूने ब्रेकवरचा पाय काढला. ट्रक पुढे गेला. पार्वताबाईने खिडकीतून डोकं बाहेर काढून, दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवशी तिला किती गार वाटलं, हे ती अजूनही न लाजता सांगते.

केळी पिकून काळी पडली. सुनंदाबाईंनी पुन्हा त्याची गाडी लावली नाही. ड्रायव्हरांनी गॅरेज सोडलं. सगळे आपापले पंप, डायनॅमो तपासायला लागले आणि आणखी दोघांच्या गाड्यांत बदललेला माल निघाला. पावसाळ्याच्या आत शटर खाली आलं. हितेंद्र धुळ्याला दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला लागला.

जायच्या आधी तो बायकोला, रूपाला, घेऊन आला. दारातच हात जोडले. पार्वताबाईने पायावरचं लुगडं बाजूला केलं.

"बघ," ती म्हणाली.

त्याने पाहिलं. रूपाने पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"बघितलं ना? आता जा. माफी मी देत नसते."

भटूला हे आवडलं नाही. रात्रंदिवस राग किती धरून ठेवणार, असं तो म्हणायचा. ती म्हणायची, मले झोप चांगली लागते, तुम्ही तुमचं बघा.

यंदा मार्चमध्ये भटू एकटाच धुळ्याला गेला होता, तिथून निघताना ट्रकचा सायलेन्सर तुटला. त्याने तो तिथेच एका गॅरेजमध्ये जोडून घेतला. घरी आल्यावर जोड बघून पार्वताबाईने विचारलं, कुणी केला. भटू थोडा घुटमळला, मग खरं सांगितलं. हितेंद्रने जोडला होता, आणि पैसे घेतले नव्हते.

ती उठली. चूल पेटवली, एकटीपुरती भाकर थापली, जेवली आणि ताट धुऊन ठेवलं. भटू चौकात जाऊन भजी खाऊन आला. सकाळी ती पुन्हा केबिनमध्ये त्याच्या शेजारी बसली, आणि दोघं दीपनगरला राख भरायला गेले.