उघड्या कारभाराचा मेहुणा

माणसं आपले गुण सांगत आणि दोष झाकत जन्म काढतात. माझ्या बायकोच्या धाकट्या भावानं मात्र नेमकं याच्या उलट केलं, आणि तेही मोठ्या आनंदानं. मी वर्ध्याचा, सिंदी मेघेत राहणारा. सासुरवाडी सिंदी रेल्वे या गावची, धंदा कापूस, सरकी आणि गुरांना घालायच्या ढेपेचा. त्या घरात हा एकटाच संगणकवाला निपजला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नागपूरहून शिकून आला तो एक जुना संगणक घेऊनच, आणि दुकानामागच्या खोलीत ढेपेच्या पोत्यांना पाठ टेकून कामाला लागला. काम काय, तर कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले जुने प्रिंटर नव्या संगणकांवर चालावेत म्हणून प्रोग्राम लिहिणं. तो लिहून इंटरनेटवर फुकट ठेवायचा. नुसता प्रोग्रामच नव्हे, तो कसा लिहिला तेसुद्धा उघडं. ज्याला हवा त्यानं घ्यावा, चूक दिसली तर सांगावी, जमलं तर स्वतःच सुधारावी. "मंग तुले काय भेटते यातून?" असं सासूबाईंनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "चुका भेटते न, आई."

त्याला "काय, बरं आहे ना?" असं सहज विचारायची सोय नव्हती. लोक तब्येत सांगतात, हा प्रोग्रामची हालहवाल सांगे. लग्नाच्या पंगतीत भातावर वरण पडायच्या आत, "शून्य पूर्णांक सात निघालं, भाऊजी. आता कागद अडकून नाई राह्यला," ही बातमी मला मिळालेली असे. प्रोग्राम पुरता झाला की त्याला 'एक' म्हणायचं, तोवर शून्य पूर्णांक काहीतरी, अशी प्रोग्राम लिहिणाऱ्यांची रीत. सासूबाईंनी तर केळझरच्या गणपतीला नवस केला होता, पोराचं एक होऊ दे म्हणून. सात झालं, आठ झालं, नऊ झालं. आता एक होणार म्हणून त्या मनातल्या मनात लाडू वळायला बसल्या, तर यानं काढलं शून्य पूर्णांक दहा. "दहा झालं तरी एक नाई झालं, हे गणपतीले कसं समजावू?" असं त्यांनी मलाच विचारलं.

एकदा भर बाजाराच्या दिवशी त्यानं पेढे वाटले. घरचा कारभार पाहणाऱ्या थोरल्या भावाला वाटलं, नोकरी लागली. त्यानं दोन पेढे स्वतः खाल्ले, शेजारच्या व्यापाऱ्यांना बोलावून खाऊ घातले, आणि मग विचारलं, "कोठी लागली?"

"लागली नाई, दादा. ब्राझीलच्या एका माणसाले माह्या प्रोग्रामात चूक सापडली. म्हणजे तिथं कोणी तरी वापरून राह्यला न."

थोरल्यानं तोंडातला पेढा गिळला, कारण व्यापाऱ्यांसमोर थुंकता येत नव्हता.

खरा घोळ फोनचा होता. घरात फोन एकच, गल्ल्याशेजारी, आणि इंटरनेटही त्याच तारेवरून. दुपारी नागपूरहून कापसाचे भाव येण्याची वेळ आणि याची प्रोग्राम पाठवण्याची वेळ एकच. एका हंगामात भाव पडल्याचं सांगायला दलाल फोन लावून लावून थकला, इकडे तार यानं धरून ठेवलेली. थोरल्यानं कालच्याच भावानं भरल्या गाड्या उतरवून घेतल्या. नेमकं त्याच सुमारास पुण्याच्या एका कंपनीनं धाकट्याला बोलावलं. पगार चांगला, पण अट अशी की लिहाल ते कंपनीचं, फुकटचे उद्योग बंद. थोरला म्हणाला, जा, नाही तर हे यंत्र तरी घराबाहेर काढ. जेवताना धाकट्याच्या तोंडून प्रोग्रामचा चकार शब्द निघेना, तेव्हा सासूबाई घाबरल्या आणि मध्यस्थीसाठी मला बोलावणं आलं.

दोघं भाऊ दुकानाच्या गादीवर समोरासमोर बसले होते. "जवाईबापू, तुमीच सांगा," थोरला म्हणाला. "आमच्या धंद्यात आमचा भाव बाजूच्याले कळू देत नाई, अन् हा पोट्टा सारं दुनियेले दाखवून राह्यला. काऊन?"

मी काही बोलायच्या आत धाकटा म्हणाला, "दादा, मी गेलो तं प्रोग्राम मरून जाईन. त्याले पाहणारं दुसरं कोणी नाई."

थोरल्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून उजव्या हातावर टाकला आणि तो हात भावापुढे केला. जुन्या व्यापाऱ्यांची ही रीत: भाव तोंडानं बोलायचा नाही, कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवायचा, म्हणजे बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. घरच्या गोष्टीसाठी असा सौदा झालेला मी कधी पाहिला नव्हता. धाकट्यानं हात आत घातला. कापड खालीवर होत राहिलं. एकदा धाकट्यानं मान हलवली, थोरल्यानं पुन्हा बोटं दाबली. शेवटी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकत थोरल्यानं आत हाक दिली, "चाय ठेवा जवाईबापूसाठी."

पुण्याला कोणी गेलं नाही. हंगाम सरायच्या आत मागच्या खोलीत दुसरा फोन बसला. धाकटा सकाळी दुकानात बसू लागला आणि गिऱ्हाइकाला "ही ढेप जराशी जुनी हाय बरं" असं आपणहून सांगू लागला; तरी थोरल्यानं त्याला गादीवरून कधी उठवलं नाही.

पुढे काही वर्षांनी थोरले गेले. तेरवी आटोपल्यावर आम्ही दोघंच ओट्यावर बसलो होतो, तेव्हा मी विचारलं, "त्या दिवशी दुपट्ट्याखाली काय ठरलं होतं रे?"

आपली प्रत्येक चूक साऱ्या जगाला कळवणारा माणूस तो. मला वाटलं, आता सविस्तर ऐकावं लागणार.

"ते नाई सांगत, भाऊजी," तो म्हणाला. "ते दादाचं अन् माहं हाय."

मी पुन्हा विचारलं नाही. मला सख्खा भाऊ नाही, आणि त्या संध्याकाळी त्याचं मला फार वाईट वाटलं.