नापास केलेली चौथी गाडी

व्हीलचेअर डिकीत जात नव्हती. गजभिये ती आडवी घालून बघत होते, उभी घालून बघत होते. गाडीचा मालक शेजारी उभा राहून तिसऱ्यांदा सांगत होता, "मागची सीट पाडा ना." सीट पाडली तर मागे बसायचं कुणी, हे त्याला कोणी विचारत नव्हतं. डिकीतली निम्मी जागा सीएनजीच्या टाकीने खाल्ली होती.

मी बॉनेटही उघडलं नाही. "राहू द्या," म्हटलं. ती पहिली गाडी.

मी तीस वर्षं विमा सर्व्हेअर होतो. अपघातात चेपलेली गाडी बघायची आणि काय मोडलं, काय दुरुस्त होईल, काय बदलावं लागेल ते लिहून द्यायचं, हे ते काम. निवृत्तीनंतर लोक जुनी गाडी घेण्याआधी मला दाखवायला नेतात. मी पास केलेली गाडी फसली, असं कोणी म्हटलेलं नाही. याचा मला अभिमान होता.

गजभिये मूळचे भंडाऱ्याचे. रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला, राहायला वाघोलीत. मुलगी प्रज्ञा सोळा वर्षांची. तिच्या पायांतली ताकद लहानपणापासून कमी होत गेली होती. दहावीपर्यंतची शाळा घरामागेच होती, आई खुर्ची ढकलत नेऊन सोडायची. आता अकरावी सायन्सला शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. रिक्षावाले खुर्ची बघून पुढे जात. कॅब रोज परवडत नव्हती. म्हणून त्यांच्या पत्नी सुनंदाताई ड्रायव्हिंग शिकल्या होत्या. लायसन्स आलं होतं, गाडी यायची होती. बजेट पावणेतीन लाख, नावावर करण्याच्या खर्चासकट.

दुसरी गाडी मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याची. "फक्त घरच्यांसाठी वापरलीय," तो म्हणाला. मीटरवर बेचाळीस हजार किलोमीटर होते. मी ब्रेकच्या पेडलचं रबर बघितलं. ते झिजून गुळगुळीत झालं होतं. एवढं रबर बेचाळीस हजारात झिजत नाही. मीटर मागे फिरवलेला होता. डिकीतला गालिचा उचलला तर खाली लसणाची सालं. मागचं सस्पेन्शन बसलेलं.

"घरच्यांना गोण्यांत भरून नेता का?" मी विचारलं.

"तुम्हाला गाडी घ्यायचीय की नाही?"

"मला नाही. यांना. आणि यांनाही नाही."

परत येताना गजभिये हसत होते. मला बरं वाटलं. अशा वेळी आपण किती हुशार आहोत, हे आपलं आपल्यालाच पटतं.

तिसरी गाडी दिसायला सुंदर होती. मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. तो रोज जेवढा बाहेर येतो तेवढा भाग लोक धुतात, आतला विसरतात. आतल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ होती. गाडी पुरात बुडालेली. अशा गाडीची वायरिंग आज चालते, उद्या भर रस्त्यात बंद पडते.

एव्हाना कॉलेज सुरू झालं होतं. गजभियेंना रविवारचीच सुट्टी, त्यामुळे एका आठवड्यात एकच गाडी बघून व्हायची. मध्ये एखादा रविवार ओव्हरटाइममध्ये जायचा. प्रज्ञा आठवड्यातून दोनदा-तीनदा कॅबने जात होती. हे मला कळलं होतं. पण "जाते ना, मग ठीक आहे," एवढंच मी त्यातून घेतलं.

चौथी गाडी हडपसरला एका एजंटकडे होती. त्या दिवशी सुनंदाताई आणि प्रज्ञाही आल्या होत्या. पेट्रोल गाडी, डिकी मोकळी. खुर्ची एका झटक्यात आत गेली. पुढचं दार रुंद उघडत होतं. प्रज्ञा दाराच्या वरची मूठ धरून स्वतःच सरकून सीटवर बसली. आईने पुढे केलेला हात तिने घेतला नाही.

"जमतंय," ती म्हणाली.

इंजिन थंड असताना सुरू केलं. आवाज स्वच्छ. क्लच ठीक. मी गाडी चालवून आणली. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सोडलं तरी ती कुठे ओढत नव्हती. मग बॉनेट उघडून पत्रे तपासायला लागलो. उजवीकडच्या एप्रनला मूळचे गोल वेल्डिंगचे ठिपके नव्हते. एप्रन म्हणजे पुढच्या चाकावरचा, आतल्या बाजूचा पत्रा. धडक बसली की पहिला मार तो खातो. हा बदललेला होता. काम चांगलं होतं, पण बदललेला होता.

"पुढून ठोकलेली आहे," मी म्हणालो.

एजंटने नाकारलं नाही. "किरकोळ होतं साहेब. मी किंमतही त्याच हिशोबाने सांगितलीय."

गजभिये माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात प्रज्ञाने आतूनच विचारलं, "काका, ही घेतली तर मला सोमवारपासून जाता येईल का?"

मी तिला एप्रन समजावून सांगितला. जोडकाम केलेल्या गाड्या दुसऱ्या धडकेत कशा दुमडतात, ते सांगितलं. तशा मी पाहिल्या होत्या, खोटं काही बोललो नाही. पण तिने विचारलं होतं सोमवारचं.

"म्हणजे नको," ती म्हणाली.

"अजून चांगली मिळेल. घाई करू नका."

सुनंदाताई पहिल्यांदाच मध्ये बोलल्या. "सर, मी हिला शहरापर्यंत नेणार आणि आणणार. चाळीसच्या वर मी चालवतच नाही. तरी नको?"

"ताई, मी लिहून देणार असेन, तर नको."

गजभियेंनी मान डोलावली. कारखान्यात दिवसभर ते स्वतः माल नापास करत. नापास म्हणजे नापास, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. प्रज्ञा पुन्हा मूठ धरून सरकत खुर्चीत आली. या वेळी तिला वेळ लागला.

पाचव्या गाडीचं इंजिन तेल खात होतं. सहावीची कागदपत्रं दुसऱ्याच माणसाच्या नावावर. सातवी गाडी कोथरूडच्या एका निवृत्त शिक्षिकेची निघाली. सगळे पत्रे मूळचे, सर्व्हिसच्या पावत्या फाइलला लावलेल्या. मी ताबडतोब पास केली. फक्त तिच्यावर बँकेचा बोजा होता. कर्ज फिटलं होतं, पण बँकेचं तसं पत्र शिक्षिकाबाईंनी कधी घेतलंच नव्हतं. पत्राशिवाय गाडी नावावर होत नाही. बँकेची ती शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झालेली. पत्र यायला दिवाळी उलटली.

गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी मी मुद्दाम वाघोलीला गेलो. पार्किंगमध्ये सुनंदाताईंनी गाडीला हळदकुंकू नाही, नुसता एक हार घातला होता. पेढा माझ्या हातावर ठेवून त्या म्हणाल्या, "सर, प्रज्ञाचं कॉलेज सुटलं."

"म्हणजे?"

"हजेरी भरली नाही. प्रॅक्टिकल्स तर जवळजवळ सगळीच बुडाली. त्यांनी दोनदा बोलावून सांगितलं. शेवटी ती म्हणाली, मला रोज रोज कारणं सांगायचा कंटाळा आलाय. आता बारावीला बाहेरून बसेल. कॉमर्सला. बाहेरून सायन्स देत नाहीत."

गजभिये काच पुसत होते. काच स्वच्छच होती. म्हणाले, "गाडी मात्र फार चांगली मिळाली सर. तुमच्यामुळे."

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

महिनाभराने दुसऱ्या कामासाठी हडपसरला गेलो होतो. त्या एजंटने आपणहून सांगितलं, "तुम्ही नापास केलेली ती गाडी एका डबेवाल्या बाईंनी घेतली. रोज चाकणला जाते. कानावर घालतो आपलं." गाडी चालते आहे याचा अर्थ एप्रन मूळचा झाला असा होत नाही. हे मी मनात म्हणून पाहिलं. त्याने काही झालं नाही.

जानेवारीत गजभियेंचा फोन आला. गाडी सुरू होत नव्हती. केबल घेऊन गेलो. बिघाड काही नव्हता. तीन आठवडे गाडी जागची हलली नव्हती, म्हणून बॅटरी उतरली होती. माझ्या गाडीवरून चार्ज देऊन सुरू केली. सुनंदाताईंना सांगितलं, आठवड्यातून दोनदा तरी अर्धा तास फिरवून आणत जा.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

मी केबल गुंडाळून माझ्या डिकीत ठेवली. वर चहाला गेलो नाही. गॅलरीत प्रज्ञा पुस्तक घेऊन बसलेली दिसली. तिने हात केला. मीही केला.

जुनी गाडी कशी बघावी, हे मला आजही लोक विचारतात. पत्रा बघा, पेडलचं रबर बघा, सीटबेल्ट ओढून बघा, कागद बघा, सगळं सांगतो. शेवटी एक सांगतो, जे मी पूर्वी सांगत नसे. निर्दोष जुनी गाडी मिळते, पण ती तिच्या वेळेने मिळते. तुम्हाला कधी हवी आहे, हे तपासणाऱ्याने विचारलं नाही, तर तो माणूस बदला.