म्हशीचे किती धरले?

आमच्या फुटबॉल पंच मंडळात दहा जण होते आणि त्यांत सगळ्यांना आवडणारे एकच. ते एसटीत कंडक्टर होते, म्हणून मी त्यांना कंडक्टर काका म्हणायचे. पंच कुणाला आवडू शकतो हे माझ्या वडिलांना पटत नसे. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिली. मी शिट्टी विकत आणली तेव्हा ते म्हणाले, "दोन्हीकडच्या शिव्या खायला कॉलेजात घातलं का तुला?"

काकांच्या वाट्याला शिव्या कमीच यायच्या. त्यांचं पिवळं कार्ड एका लग्नपत्रिकेतून कापलेलं होतं. ते दाखवलं की खेळाडू आधी मागचं 'आग्रहाचे निमंत्रण' वाचायचा, आणि मग त्याला नीट रागावता यायचं नाही. वेळ मात्र काका कधी हसण्यावारी नेत नसत. खेळ जितका थांबला तितका शेवटी भरून द्यायचा. गाडीवरही पळत येणारं माणूस दिसलं की ते गाडी सोडायची घंटी मारायचं थांबवत. रस्त्यावरच्या गावांतल्या कितीतरी लोकांकडे त्यांचा नंबर होता. लोक फोन करून गाडी थांबवायला सांगायचे आणि काका थांबवायचे.

मुख्य पंच म्हणून माझा पहिला सामना पालमला होता, दोन शाळांचा. काका बाजूच्या रेषेवर झेंडा घेऊन उभे. दुसऱ्या अर्ध्यात एक म्हैस मैदानात आली आणि चुन्याच्या फक्कीची रेषा हुंगत गोलसमोर उभी राहिली. तिला हलवण्यात चार मिनिटं गेली. माझ्या डोक्यात परभणीची बस होती. घड्याळात वेळ झाली आणि मी शेवटची शिट्टी मारली. एका गोलनं जिंकलेली पोरं केळी सोलायला लागली.

काका झेंडा गुंडाळत जवळ आले आणि हळूच म्हणाले, "म्हशीचे किती धरले?"

मी एकही मिनिट धरलं नव्हतं. बस जाईल, असं मी कसंबसं सांगितलं.

"बस उद्या बी हाय. ते चार मिनिटं आपले न्हाईत पोरी, त्या पोरांचे हायेत. देऊन टाक त्यायचे त्यायला."

नियमात हे बसतं का, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. सगळ्यांना परत बोलावलं. एक गोलकीपर हातात अर्धं केळं घेऊनच उभा राहिला. त्या चार मिनिटांत गोल झाला नाही, साधी कॉर्नरसुद्धा मिळाली नाही. बस मात्र गेली. आम्ही जीपनं परत आलो आणि काका सवयीनं प्रत्येक फाट्यावर जीपवाल्याला थांबायला सांगत होते. त्यानंतर मंडळात मी दिसले की कुणीतरी म्हशीची चौकशी करायचंच.

मागच्या महिन्यात काका अचानक गेले. रविवारी सकाळी एका शाळेच्या वर्गात शोकसभा झाली. आमच्या मंडळात एक मिनिटाचं मौन शिट्टीवर सुरू होतं आणि शिट्टीवरच संपतं. अध्यक्षांनी ते काम मला दिलं. तो मान होता की टोमणा, मला कळलं नाही. काकांच्या सभेत तरी माझी वेळ चुकू नये, एवढंच मला हवं होतं. मी घड्याळ दोनदा तपासलं.

शिट्टी मारली. सगळे उभे राहिले. अर्धं मिनिट झालं नसेल, तोच पुढच्या रांगेत काकूंच्या पर्समध्ये काकांचा फोन वाजायला लागला. काकूंनी चष्म्याचं घर काढलं, रुमाल काढला, मग फोन सापडला आणि त्यांनी तो उचलला. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्यानं बोलला की वर्गभर ऐकू आलं, "कंडक्टरसाहेब, फाट्यावर आलोच मी, जरा थांबवा की गाडी."

 काकू म्हणाल्या, "आज दुसरी गाडी बघा, भाऊ."

मी तोपर्यंत घड्याळ थांबवलं होतं. ते पुन्हा चालू केलं. मिनिट उलटून गेलं तसे अध्यक्ष, ज्यांचे गुडघे दुखतात, मला डोळ्यांनी खुणावायला लागले. मी नाही म्हणून मान हलवली. फोनची वेळ पूर्ण भरली आणि मगच शिट्टी मारली.

चहा-बिस्किटं फिरली. मला हायसं वाटत होतं. तेवढ्यात मंडळातले सर्वांत जुने पंच स्वतःचं घड्याळ पुढे करत म्हणाले, "तू काकूंनी फोन उचलला तिथून धरलं. वाजायला लागला तिथून धरायचं असतं. वीस सेकंद कमी भरले."

 लगेच वाद सुरू झाला. नुसत्या वाजण्यानं मौन थांबतं की बोलण्यानं, यावर मंडळात दोन पक्ष पडले.

काकू ऐकत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यांनी कप खाली ठेवला, पदर सावरला आणि त्या उठल्या.

"वीस न्हवं का? उठा मग."

मी शिट्टी मारली. आम्ही सगळे पुन्हा उभे राहिलो, वीस सेकंद, अध्यक्ष हातात अर्धं बिस्कीट घेऊन.