गॅलरीत लंगोट नकोत

रस्त्याकडच्या गॅलरीत लंगोट वाळत घालायचे नाहीत, हा आमच्या घरातला नियम मी केला होता. हे वाक्य सगळ्यात आधी लिहून टाकतो. नाहीतर सवयीप्रमाणे मी इकडचं तिकडचं सांगत बसेन आणि मुद्द्याचं तेवढं राहून जाईल.

गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या अखेरची. नाशिकला द्वारका चौकाच्या पुढे एका नव्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. आमच्या कळवणकडच्या घराण्यात शहरात स्वतःचं घर घेणारा मी पहिला, आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नसे. मागच्या बाजूचा फ्लॅटही मिळत होता. तो शांत होता. पण मला शांतता घेऊन काय करायची होती? येणाऱ्या-जाणाऱ्याने मान वर करून बघावं आणि मी गॅलरीत चहा पीत उभं असावं, एवढीच माझी घराची कल्पना. बायको म्हणाली, "ऊन पुढेच येतं, पुढचाच घेऊ." तिचं कारण वेगळं होतं, पण आमचं एकमत झालं.

थोरली मुलगी पावणेदोन वर्षांची असताना धाकटी झाली. थोरली तोवर 'शू' सांगायला लागली होती. धाकटीला बघितल्यावर तिने सांगणं बंदच केलं. बाळाला लंगोट, मग मलाही लंगोट. समजावून झालं, रागावून झालं, शेवटी दोघींनाही लंगोट सुरू झाले. धाकटीचे वितभर, बायकोच्या जुन्या सुती साड्यांचे, बाजूला बांधायला नाड्या. थोरलीचे मोठे, माझ्या विरलेल्या पायजम्यांचे. शिवाय दोघींची दुपटी. त्यात थंडीचे दिवस, आणि नाशिकच्या थंडीत पोरं दुप्पट भिजवतात. बायको सकाळी सगळं कढत पाण्यात भिजवायची, चोळायची आणि तीन-तीनदा स्वच्छ पाण्यातून काढायची, कारण कापडात साबण राहिला तर पोरींच्या अंगावर पुरळ उठायचं. हे मला बघून माहीत आहे. हात मी लावला नव्हता.

माझी आई बाळंतपणासाठी गावाहून येऊन सव्वा महिना राहिली. शेतात कांद्याची लागवड सुरू झाली तशी ती परत गेली. त्यानंतर दिवसभर घरात बायको आणि दोन लंगोटवाल्या एवढ्याच.

मी सातपूरला एका कारखान्यात सुपरवायझर होतो. एका संध्याकाळी आमचे साहेब मला त्यांच्या गाडीतून घरापर्यंत सोडायला आले. वाटेत माझं दोनदा सांगून झालं होतं की रस्त्याकडचा फ्लॅट आहे, लांबूनच दिसतो. तो दिसला. गॅलरीत चार दोऱ्या, चारही भरलेल्या, कठड्यावर दुपटी पसरलेली. साहेबांनी काचेतून वर बघितलं आणि हसत म्हणाले, "काय हो, लाँड्री काढलीत की काय?"

माणूस वाईट नव्हता. पुढच्या वळणावर तो ते विसरलाही असेल. मी मात्र जिना चढताना कानापर्यंत तापलो होतो.

"ते सगळं आधी काढ," मी आत आल्या आल्या म्हणालो.

बायको धाकटीला पाजत होती. "अजून वाळले नाहीत."

"मग मागे घाल. रस्त्यावरून सगळं दिसतं. लोक काय म्हणतील?"

"मागे ऊन नसतं हो. आणि लोकांच्या घरी काय पोरं नसतात?"

"गच्चीवर घाल मग. पण इथे मला पुन्हा दिसायला नकोत."

तिने पाजणं संपवलं, धाकटीला खाली ठेवलं आणि उठून सगळे लंगोट काढले. रात्री ते ओले लंगोट खुर्च्यांच्या पाठींवर पसरले होते आणि मी त्यातलीच एक खुर्ची मोकळी करून जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवसापासून ती गच्चीवर जाऊ लागली. आमच्या वर एक मजला आणि त्यावर गच्ची. सकाळी भरलेली बादली घेऊन दोन जिने चढायचे, दुपारी वाळलेले आणायला पुन्हा जायचं. तेवढ्या वेळात पोरींचं काय करतेस, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं की धाकटीला ती बाहेरच्या खोलीत गादीवर दोन उशांच्या मध्ये ठेवते, थोरलीसमोर वाटी-चमचा टाकते, आणि थोरली जिन्यात येऊ नये म्हणून दाराला बाहेरून कडी लावून धावत वर जाते. गॅलरी आता रिकामी आणि नीटनेटकी होती. तिचं दारही कोणी उघडत नव्हतं. मी कुंडी आणून ठेवली होती.

असे दहा-बारा दिवस गेले असतील. पुढचं मी कारखान्यात असताना घडलं. शेजाऱ्यांकडून आणि नंतर बायकोकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं, ते सांगतो.

बायको रिकामी बादली घेऊन खाली आली, बाहेरची कडी काढली आणि दार ढकललं, तर दार उघडेना. दाराला आतून खाली एक बोल्ट होता. थोरलीने तो सरकवला होता. लावताना तो सहज लागायचा. काढताना मात्र जरा उचलून ओढावा लागे, ते तिला जमेना. आत धाकटी रडत होती. बायको दाराच्या फटीला तोंड लावून सांगत होती, "राणी, खालचं ते वर उचल. असं वर उचल आणि ओढ." थोरलीने थोडा वेळ खुडबुड केली, मग कंटाळून निघून गेली. धाकटीचं रडणं वाढलं. मग ते दबल्यासारखं येऊ लागलं. मग थांबलं.

ते थांबलं तेव्हा बायको किंचाळली, आणि त्या किंकाळीने इमारत जमा झाली. शेजारच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त मास्तर राहत. साठीच्या पुढचा तो माणूस आपल्या गॅलरीच्या कठड्यावरून आमच्या गॅलरीत उतरला. खाली रस्त्यावर माणसं वर बघत उभी होती. उतरून बघतो तर गॅलरीचं दार आतून बंद. लंगोट तिथे वाळत असते तर ते दार दिवसभर सताड उघडं असतं. त्यांनी माझी कुंडी उचलून दाराची काच फोडली आणि आत हात घालून कडी काढली.

धाकटी दिसेचना. गादीवर कपड्यांचा ढीग होता. आदल्या दिवशीचे वाळलेले लंगोट आणि दुपटी घड्या करून टोपलीत ठेवलेली असत. थोरलीने ती सगळी टोपली एकेक करून धाकटीच्या अंगावर रिकामी केली होती. बाळ रडलं की आई नवं दुपटं घालते, हे ती रोज बघत होती. मास्तरांनी ढीग बाजूला फेकला. खाली धाकटी घामाने निथळत होती, चेहरा काळानिळा. त्यांनी तिला उचलून पाठीवर थोपटलं. क्षणभर काही झालं नाही. मग तिने श्वास घेतला आणि टाहो फोडला. थोरली हातात शेवटचा लंगोट घेऊन उभी होती. "बाळ शू," ती मास्तरांना म्हणाली.

मी फोनवरून निरोप मिळून घरी पोचलो तेव्हा डॉक्टर बघून गेले होते. मुलीला काही झालेलं नव्हतं. खोलीत सात-आठ माणसं होती. बायको दोघींना मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. फुटकी काच कोणीतरी झाडून एका कोपऱ्यात केली होती. मास्तरांच्या पत्नींनी तेवढ्यात सहज विचारलं, "पण अगं, एवढी उन्हाची गॅलरी असताना तू गच्चीवर कशाला जातेस?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाली, "गच्चीवर जास्त लवकर वाळतात."

तिथे मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं, 'मीच सांगितलं होतं.' खोलीत माझे साहेब नव्हते, कंपनीतलं कोणी नव्हतं. साधी, भली माणसं होती. दोन मिनिटं वाईट वाटलं असतं आणि विषय संपला असता. मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "तरी असं पोरींना कोंडून जायचं नाही ना."

सगळ्यांनी मान डोलावली. बायकोनेही.

दुसऱ्या दिवशी एसटीने आई आली. दारातूनच सुरू झाली. "लय शिकलेली ना तू? दोन लेकरं घरात कोंडून गच्चीवर काय करत व्हतीस? येवढी मोठी ग्यालरी हाय घराला, दिसत नाय का?" मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली. पिशवी ठेवायला जितका वेळ लागतो त्याच्या चौपट वेळ मी आत होतो.

संध्याकाळी आई देवासमोर बसलेली बघून मी बायकोला हळूच म्हणालो, "उद्यापासून पुढेच घाल लंगोट."

"नको," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. भांडून तरी घेतलं असतं.

ती गच्चीवरच जात राहिली, आता धाकटीला खांद्यावर टाकून आणि थोरलीला बोटाशी धरून. मग पहिल्या पाळीला निघण्याआधी बादली मी वर नेऊ लागलो. पुढे धुऊही लागलो. हात गारठायचे, नखांत साबण जायचा, आणि मला त्यात एक प्रकारचं समाधान वाटायचं, कारण आपण भरपाई करतोय असं मी धरून चाललो होतो. इमारतीतल्या बायका माझ्या बायकोला म्हणायच्या, "नशीबवान आहेस, असा नवरा कोणाला मिळतो?" मी बादली खाली ठेवून हसायचो. गुन्हा झाकलेला होताच, वर हार-तुरेही मिळत होते.

हे तेवढ्यावर राहिलं असतं तर कदाचित मी विसरलोही असतो. राहिलं नाही. तीन-चार वर्षांनी माझ्या धाकट्या भावाला मुलगा झाला. त्याची बायको नाशिकला शाळेत नोकरीला, रजा संपत आलेली. दिवसा बाळ आमच्याकडे ठेवायचं ठरलं. माझ्या बायकोला इतकं हरखलेलं मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. तिने दोन जुन्या साड्या फाडून दोन डझन लंगोट शिवले, उकळून, इस्त्री करून ठेवले. भाऊ-भावजय आदल्या रविवारी आईला घेऊन आले. आई चहा पिता पिता सरळ म्हणाली, "पोर हिच्याकडं नको. पाळणाघर बघा. हिनं इथंच स्वतःची पोर जवळजवळ घालवली व्हती."

भावजयीचा चेहरा पडला. भाऊ माझ्याकडे बघू लागला. बायको ताटलीत चिवडा वाढत होती, ती वाढत राहिली. मी म्हणालो, "पाळणाघरंही चांगली असतात हल्ली." आता हे लिहितानाही मला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. लंगोट भावजयीला देऊन टाकले. तिने आभार मानले.

मग ती गोष्ट घराची झाली. लग्नात, बारशात, पंगतीत कोणीतरी ती काढायचंच. वर्षं गेली तशी ती विनोदी झाली. बायको त्यात वेंधळी, पोरीला आत ठेवून गच्चीवर ऊन खात बसलेली. मास्तर कुंडी घेऊन उडी मारणारे. थोरलीचं "बाळ शू" आलं की सगळे हसायचे. मीही. बायकोही हसायची, जरा उशिरा.

थोरली बारा वर्षांची झाली तेव्हा एका सकाळी आम्ही चौघं वणीला देवीच्या दर्शनाला निघालो होतो. धाकटी केव्हाच खाली पळाली होती. बायकोने कुलूप लावलं, ओढून बघितलं, चार पायऱ्या उतरली, पुन्हा वर गेली, पुन्हा ओढलं. ही तिची रोजची रीत झाली होती. थोरली जिन्यात वैतागून उभी होती. ती म्हणाली, "आई, आता तपासून काय उपयोग? तेव्हा तपासायचं होतंस."

बायकोचा हात कुलपावर तसाच राहिला.

माझ्या तोंडून निघून गेलं. "त्या दिवशी आईची चूक नव्हती. गॅलरीत लंगोट घालायचे नाहीत असं मी बजावलं होतं तिला. मला लाज वाटत होती. म्हणून तिला गच्चीवर जावं लागायचं. आणि नंतर सगळे तिला बोलले तेव्हा मी गप्प बसलो."

थोरलीने माझ्याकडे बघितलं. मग तिचा चेहरा इतका मऊ झाला की मला तो बघवेना.

"बाबा," ती म्हणाली, "किती सांभाळून घ्याल हो तिला? आजीने मला सगळं सांगितलंय."

"नाही गं, खरंच सांगतोय."

"हो, हो, खरंच." ती हसली आणि तिने माझ्या हातात हात गुंफला. "माझ्या मैत्रिणींचे बाबा असे नाहीत कोणी."

बायकोने कुलूप तिसऱ्यांदा ओढून बघितलं. आमच्या बाजूने उतरताना म्हणाली, "चला, गाडी निघून जाईल."

मी तिथेच थांबून, लेकीला पायरीवर बसवून, तिच्या आईसमोर पुन्हा पहिल्यापासून सांगायला हवं होतं. पण लेक माझ्या दंडाला बिलगून चालत होती, अभिमानाने. मी तिच्याबरोबर खाली उतरलो.