“तुमच्या लोकांत तर सगळं चालते”

आपल्या ऑनलाइन ग्रुपमधल्या सगळ्यायले सांगते, आज माझं डोकं लय फिरलं आहे.

मी एटापल्लीकडची माडिया आदिवासी पोरगी. चंद्रपूरले होस्टेलात राहून शिकते. मले पोरी आवडतात. घरी मामाच्या पोरासोबत माझं लग्न ठरवून राह्यले, म्हणून महिन्याभरापासून झोप नाई, जेवण जात नाई. आज हिंमत करून कॉलेजच्या काउन्सेलर मॅडमकडे गेली अन् जिंदगीत पहिल्यांदा कोणाले सगळं सांगितलं.

मॅडम हसल्या. “अगं, तुमच्या लोकांत तर सगळं चालते ना? ते गोटुल असते म्हणे, पोरंपोरी एकदम मोकळे. मग तुला कशाचं टेन्शन?”

मॅडम, गोटुल म्हणजे आमच्या गावची बसाउठाची, नाचाची, पाहुण्याले उतरवाची जागा होय. तुमच्या डोक्यात कोणता पिक्चर चालू आहे?

हे आता लिहिताना सुचून राह्यलं. तिथी मले रडू आलं, अन् त्याचाच राग जास्त येऊन राह्यला.

गावात सांगितलं तर म्हणतील, हा शहरातला रोग. शहरात सांगितलं तर म्हणतात, तुमच्यात चालते. मंग मी जाऊ कुठी?

निघताना मॅडमच्या रजिस्टरात माझ्या नावापुढं लिहिलेलं दिसलं: “घरची आठवण येते. सुट्टी देऊन घरी पाठवावे.”

त्याच घरी, जिथी मामा लग्नाची तारीख काढून बसला आहे.

आता तुम्हीच सांगा, हा इलाज होय का माझी पाठवणी?